खुर्चीमागचा दिवा

सासूबाई गेल्या आणि भर दुपारी त्यांच्या खुर्चीमागचा दिवा फडफडू लागला. तोही नेमका कधी, तर सासरेबुवांनी फ्रिजचं दार उघडून चोरून आइस्क्रीमच्या डब्यात चमचा खुपसला की! "बघ गं, तिथूनही डोळे वटारतेय," म्हणताना म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटे. साखर उतरली नाही तर पायाची जखम भरणार नाही, पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा हसणारा माणूस आता फ्रिजकडे फिरकेना. सुनेचीही बोबडी वळली होती. ती त्या खोलीत एकटी पाऊल टाकत नसे.

शेवटी वायरमन आला. सगळं तपासून सुनेला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "ताई, भूतबित काही नाही. दिव्याचा स्मार्ट प्लग आणि फ्रिज एकाच लायनीवर आहेत. दार उघडं राहिलं की फ्रिजची मोटर सुरू होते आणि प्लग गडबडतो. लाइन वेगळी करतो, फडफड बंद!"

सुनेचा जीव भांड्यात पडला. मग तिने दाराआडून सासऱ्यांच्या पायाकडे पाहिलं. जखम प्रथमच सुकत आली होती.



"भाऊ, कशालाच हात लावू नका. फक्त बाहेर जाऊन बाबांना सांगा, वायरिंग अगदी ठणठणीत आहे म्हणून."