बारा किलो

काट्याची सुई शून्यावर आहे की नाही, ते अंगणवाडीच्या बाईनं, पंचफुलानं, तिसऱ्यांदा पाहिलं. अंगणवाडीपुढच्या लिंबाला वजनकाटा टांगला होता आणि खाली रिकामी झोळी वाऱ्यानं हलत होती. सुई शून्यावरच होती. काट्यात काही खोट नव्हती.

सोमवारी याच काट्यावर रुखी साडेअकरा भरली होती. आज गुरुवार. तीन दिवसांत लेकरू अर्धा किलो वाढत नाही, हे पंचफुलाला कोणी शिकवायला नको होतं.

रुखीचा बाप मोतीराम ओट्याशी उकिडवा बसला होता. त्याची बायको मागच्या साली काविळीनं गेली, तेव्हा रुखी तीन वर्षांची. तेरवीच्या दिवशीच मेव्हणा महिपत म्हणाला होता, "पोरगी मी मंचेरियलले नेतो. गडीमाणसाच्यानं लेकरू वाढते का?" मोतीरामनं पोरीला छातीशी धरलं, ते सोडेचना. शेवटी पंचांनी मध्ये पडून तोड काढली. पुढची कापूसवेचणी लागेस्तोवर रुखी बापाजवळ. तेव्हा अंगणवाडीच्या काट्यावर बारा किलो भरली तर बापाची, नाही भरली तर मामाची. बारा हा आकडा महिपतनंच घातला होता.

तेव्हापासून भीमपूरकडच्या या गावात एक नवल सुरू झालं. दर गुरुवारी अंगणवाडीत आयांची बैठक भरे. त्या वीस बायांत एक पुरुष, मांडीवर लेकरू घेऊन, दाराशी अंग चोरून बसू लागला. त्यांतल्या कुसुमबाईनं पहिल्याच दिवशी ओवी जुळवली,

*बाप घालितो वेणी, पेड तीनाचे दोन झाले,*
*आईविना लेकीचे केस वाऱ्यानं विंचरिले.*

बाया हसल्या. मोतीरामही हसला आणि म्हणाला, "हसा, पण तिसरा पेड कुठून काढू, ते सांगा." तेव्हा कुसुमबाईनंच पदरानं डोळे पुसून त्याला वेणी शिकवली. वरणात भाजी कशी घोटायची, हगवणीला मीठसाखरेचं पाणी किती वेळानं पाजायचं, सगळं तो शिकला. साडेनवाची रुखी दहावर गेली, अकरावर गेली, दसऱ्याला बाराला टेकली. अन् दिवाळीनंतरच्या तापानं अर्धा किलो ओढून नेला. आता वेचणी लागली होती, आज निवाड्याचं वजन.

झोळीला मागून नुसता अंगठा लावला तरी अर्धा किलो भरेल. पंचफुलाच्या मनात हे सकाळपासून चारदा आलं होतं.

तेवढ्यात रुखीला कडेवर घेऊन तिची आजी, मोतीरामची सासू बयनाबाई आली. मागून महिपत. दोघं कालच मंचेरियलहून मोतीरामकडे उतरले होते.

"मामी, च्या टाकू का?" मोतीराम उठला.

"च्या राहू द्या, जवाई. इचोड्याहून दोनची गाडी हाय. बाई, लवकर मोजा."

"बसा तं खरं, आजी," पंचफुला म्हणाली.

"बसाले नाही आलो आमी." बयनाबाईनं रुखीला खाली उभं केलं. पायांतले वाळे काढले, गळ्यातली ताइताची पेटी काढली, करदोटा सोडला, झगाही उतरवला. "घ्या. मागून कोणी म्हणाचं नाही का पोरीच्या अंगावर काही होतं. अन् बाई, तुमीबी हात मांगं घ्या. काट्यापाशी कोणी नोको."

पंचफुलाचा हात चटका बसल्यागत मागे आला.

"माय माही लय कडक," महिपत खुशीत म्हणाला. "भाऊजी, तुमी काळजी करू नोका. आमच्याइथं दोन लहाने हायतच. रुखी आली का त्याइले खेळवीन, माह्या बायकोचे हात मोकळे होतीन."

बयनाबाई तेव्हा रस्त्याकडे पाहत होती.

रुखी ओठ मिटून, पाय आवळून उभी. पंचफुलानं शेंगदाण्याचा लाडू पुढे केला, तर तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"भेली हाय," मोतीराम पुटपुटला.

"भ्याले काय झालं? नीट बस वं!" आजी खेकसली.

झोळीत बसवल्यावर सुई थरथरली, मागेपुढे झाली, थांबली. पंचफुलाला नजरेवर विश्वास बसेना. महिपतनं स्वतः वाकून पाहिलं. बारा. वर एक केसभर.

"पुन्यांदा मोजा," तो म्हणाला.

"काऊन?" बयनाबाई त्याच्यावर उलटली. "लेकरू काय कापूस हाय घडीघडी काट्यावर टाकाले? दृष्ट लागते. पंचाइसमोर तूच बोलला ना बारा? झाले बारा. चाल, गाडी जाईन."

तिनं रुखीला उचलून झोळीबाहेर ठेवलं. ना पापा घेतला, ना तोंडावरून हात फिरवला. तरातरा रस्त्याला लागली. महिपत कुरकुरत मागोमाग गेला.

"दगडाचं काळीज हाय बुढीचं," दारातून पाहणारी कुसुमबाई म्हणाली. "मेल्या लेकीची एकच खूण, अन् मांगं वळूनबी नाही पाहिलं."

मोतीराम लिंबाच्या बुंध्याला टेकून रडत होता. पंचफुला त्याच्याजवळ गेली. आवाज दाबून म्हणाली, "दादा, खरं सांगा. सोमवारी साडेअकरा होती ती. काय केलं तुमी?"

"म्या?" त्यानं वर पाहिलं. "बाई, म्या तं तिचे झगे बांधून ठेवले. म्हटलं, जाईनच आता. सकाळपासून तं ती आजीपाशीच होती."

दोघांनी वळून पाहिलं. रुखी जागच्या जागी नाचत, एकटक रस्त्याकडे बघत होती. वळणावर महिपतचं पागोटं दिसेनासं झालं आणि पोरगी उघडीच अंगणवाडीमागं धूम पळाली. बऱ्याच वेळानं आली, ती हसत.

"कुठी गेली होती वं?" मोतीरामनं विचारलं.

"मुताले." रुखीनं मोठा श्वास सोडला आणि लाडवासाठी हात पुढे केला. "आजीनं अंबिल पाजली, मंग तांब्याभर पाणी. म्हणे, बाबापाशी राहाचं असंन, तं मामा दिसेनासा होईस्तोवर मुतू नोको."