दुसऱ्या कडव्यानंतर

तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं संपलं आणि छतावर काठी आपटली. टक्. मग जरा थांबून, टक्-टक्.

"आली म्हातारबुवांची काठी," काकू म्हणाल्या. त्यांनी मशीन थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि स्पीकरचा आवाज आणखी वाढवला.

इमारतीत सगळे त्यांना शिवणाच्या काकू म्हणत. पँटची उंची कमी करायची असो की पर्सची चेन बदलायची असो, त्यांचं दार दिवसभर उघडं. अकरा वर्षं त्या घरात फक्त मशीन वाजत होतं. त्याआधी वाजायची ती नवऱ्याची गाणी. जुनी पॉप गाणी, तीही मूळ तबकड्यांवरच. तीच गाणी दुसरं कुणी गायलं की तो नाक मुरडायचा. "उष्टं आहे ते. आपल्या घरात नको." तो गेल्यावर काकूंनी एकदा तबकडी लावून पाहिली. समोर त्याची खुर्ची रिकामी. ऐकवेना. पेटी दोरीने बांधून माळ्यावर गेली, ती गेलीच.

यंदा वाढदिवसाला लेकीने मुठीएवढा स्पीकर दिला आणि फोनवर एक अल्बम लावून दिला. एक तरुण मुलगी, एक गिटार, बाकी काही नाही. गाणी मात्र तीच.

"याला कव्हर म्हणतात, आई."

"तुझ्या बाबांनी ऐकलं असतं तर?"

"बाबा नाहीयेत ना आता. तू ऐक."

काकूंनी ऐकलं. आवाज परका होता, त्यामुळे खुर्चीकडे लक्ष गेलं नाही. शब्द मात्र आपसूक ओठांवर आले. महिन्याभरात असे पाच अल्बम झाले. त्यातही पहिला रोजचा. दुपारचे तीन वाजले की गाणी सुरू, आणि साठी उलटलेली बाई मशीनवर पाय मारत मोकळ्या गळ्याने गातेय. आपल्याला गाणं इतकं आवडायचं, हे काकू विसरूनच गेल्या होत्या. आता ते कुणी काढून घ्यायला आलं असतं तर त्यांनी कात्री उगारली असती.

आणि वरचे आजोबा नेमके त्याच्याच मुळावर उठले होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. पण डाव्या हातात काठी होती. बरं, माणूस डांबरट किती! पहिली दोन गाणी गुपचूप ऐकून घ्यायचे. तिसऱ्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, ती मुलगी श्वास घ्यायला थांबते, तीच जागा गाठून काठी आपटायचे. सगळ्या अल्बममधली काकूंची सर्वांत लाडकी जागा.

एकदा लिफ्टमध्ये गाठ पडली. सून त्यांना चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात नेत होती. काकूंनी नीट बघून घेतलं. अंग वाळून काडी झालेलं, कान तेवढे सुपाएवढे. ऐकू येणारच म्हणा.

"आजोबा, मी काही बंद करणार नाही हं," काकूंनी तोंडावर सांगून टाकलं.

सून ओशाळं हसली. "काय सांगू काकू, तीनच्या आत यांना खिडकीशी नेऊन बसवावं लागतं. नाहीतर घर डोक्यावर घेतात."

"म्हणजे दबा धरून बसतात म्हणा की."

आजोबांनी काकूंकडे टक लावून पाहिलं आणि लिफ्टच्या जमिनीवर काठी आपटली. टक्. टक्-टक्.

"बघते मीही," काकू म्हणाल्या.

शनिवारी सेक्रेटरी नोटीस घेऊन दारात उभे राहिले. "काकू, उद्यापासून गाणी बंद."

"वरून तक्रार आलीय?"

"लेखी नाही. पण काठी तळमजल्यापर्यंत ऐकू येते. आजारी माणसाला किती छळायचं?"

"मी उद्याही लावणार."

"मग मला मीटिंग बोलवावी लागेल. आणि एवढी हौस आहे तर मूळ गाणी तरी ऐका. हे काय उष्टं-खरकटं!"

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. हाच शब्द त्यांनी उभा संसार ऐकून घेतला होता.

"उष्टं म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "या गाण्यांनी मला परत माणसात आणलंय." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची पेटी ओढली. दोरीची गाठ सुटेना, तशी कात्रीने कापली. नवऱ्याचा रेकॉर्ड प्लेअर पुसला. बरोबर तीनला खिडक्या सताड उघडल्या आणि त्याच तिसऱ्या गाण्याची मूळ तबकडी लावली.

"मूळ हवंय ना? घ्या मूळ. सगळ्या इमारतीने घ्या!"

गाणं सुरू झालं. काकूंनी मुद्दाम खुर्चीकडे पाहिलं. दुखलं, पण ऐकता आलं. अकरा वर्षं फुकट घालवली म्हणून स्वतःचाच राग आला, आणि त्या रागातच त्या मोठ्याने गायल्या. पहिलं कडवं झालं. दुसरं संपत आलं. काकूंनी कमरेवर हात ठेवून छताकडे पाहिलं.

"हाणा आता, काय हाणायची ती."

टक्. टक्-टक्.

काकू तोंड उघडणार, तोच थबकल्या. छत गप्प होतं. ठोके खालून आले होते, तबकडीतून.

त्यांनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा कडवं संपलं. त्या मुलीची श्वासाची जागा आली आणि पुन्हा तबकडीत ठोके पडले. टक्. टक्-टक्. वरची काठी हललीही नाही.

काकूंनी तबकडीचं रिकामं पाकीट उलटं केलं आणि चष्मा पुसून घातला. मागच्या बाजूला सगळ्या वादकांचा छोटासा फोटो होता. अगदी कडेला, ड्रमपाशी, विशीतला एक पोरगा डाव्या हाताने काडी उगारून हसत बसला होता. अंगाने काडी, कान सुपाएवढे.