कोपऱ्यातला अंगठा

स्कॅन केलेल्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात एक अंगठा दिसत होता. नख आखूड कापलेलं, कागद दाबून धरल्यासारखा.

"तुझाच की गं," ताई हसली. "एवढी शिकलीस, पण साधा फोटो काढता येईना!"

पण मी टॅब्लेट दोन्ही हातांनी धरला होता. ताई समोर चहा पीत होती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

घराची कागदपत्रं टॅब्लेटवर ठेवायचा हट्ट तिचा. मी विकायला तयार झाले, की लगेच पाठवता यावीत म्हणून. वर्षभर मी "बघू" म्हणत होते. मला इथेच राहायचं होतं.

तो कोपरा कापून मी फाइल पुन्हा सेव्ह केली. उघडली, तर अंगठा परत तिथेच होता, आणि शेजारी चार बोटं.

"डिलीट कर ती," ताई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मी फाइल काढून टाकली, ताईला दाराशी उभं केलं आणि नवा स्कॅन घेतला. या वेळी पानावर मनगटापर्यंत आख्खा हात टेकलेला होता.

मी टेबलाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं गुंडाळी करून ठेवलेला तो कागद, वर कसलंही वजन नसताना, अगदी सपाट पडला होता.

"ताई," मी म्हणाले, "घर विकू या."