निम्मा निम्मा ताबा

टिळकवाडीतल्या एकाच अपार्टमेंटमध्ये निवेदिता दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि घटस्फोटानंतर रघुवीर तिसऱ्यावर. आठ वर्षांच्या श्रियाचा ताबा कोर्टानं दोघांना निम्मा निम्मा दिला होता. लेकीवर माया एवढी, की ती वीस मिनिटं उशिरा आली तरी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर वकिलाची नोटीस जायची.

मग श्रियाचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि दोघंही एकदम दिलदार झाले.

"ताप शुक्रवारी आला. शुक्रवार तुझा," रघुवीर जिन्यावरून म्हणाला.

"रिपोर्ट शनिवारी आला. शनिवार तुझा," निवेदितानं खालून ऐकवलं. "आणि तुला तिचे जास्त दिवस हवेच होते ना? घे की चौदा!"

दारावर चिकटवायचे क्वारंटाईनचे लाल कागदी बोर्ड घेऊन आरोग्य केंद्राची आशा सेविका यल्लव्वा तासभर जिन्यात ताटकळत होती. शेवटी तिनं एक बोर्ड खालच्या दाराला चिकटवला आणि एक वरच्या.

"ताबा निम्मा निम्मा हाय न्हवं? मग बोर्डबी दोन. आता चौदा दिस दार उघडायचं न्हाय."

कोर्टाचं कधी न ऐकणाऱ्या दोघांनी यल्लव्वाचं मात्र लगेच ऐकलं. दोन्ही दारं एकदमच बंद झाली.

मधल्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या श्रियानं मास्क नाकावर ओढला.



"आक्का, अजून एक बोर्ड आहे का? जिन्याला लावायला."