फळीवरचा वाडगा

वाडगा फळीवर नव्हता. प्रदर्शनाची बाई दुपारी तो न्यायला येणार होती, म्हणून सुनेनं खोका आणि जुनी वर्तमानपत्रं आधीच काढून ठेवली होती. मागच्या गॅलरीतल्या चाकावर तिनं आजवर घडवलेल्या भांड्यांतलं तिला स्वतःला आवडलेलं हे एकच. कडा पातळ, आत निळसर झिलई, आणि बाजूला अंगठ्याएवढा खळगा. ओला वाडगा उचलताना तिच्या अंगठ्यानं तो खळगा पडला होता आणि तिनं तसाच राहू दिला होता. तिच्या हातची वस्तू पहिल्यांदाच चार लोकांसमोर मांडली जाणार होती.

वाडगा सापडला सासऱ्यांच्या उशाशी, स्टुलावर. आत पिवळट कफ साचला होता. कडेवर एक माशी बसली होती.

सासरे इथे राहायला आले तेव्हाच तिनं स्पष्ट सांगितलं होतं की अंघोळ घालीन, औषधं देईन, हाकेला उठीन, पण थुंकीच्या भांड्याला हात लावणार नाही. नवऱ्यानं मोठ्या तोंडानं ते काम अंगावर घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो उंटावरून शेळ्या हाकत होता.

आत्ताही तो सोफ्यावर बसून संत्रं सोलत होता. प्लॅस्टिकचा मग सारखा लवंडतो, चादर भिजते, म्हणून हाताला लागलं ते जड भांडं उचललं, असं त्यानं सांगितलं. नाहीतरी तिथे धूळच खात होतं. ते आज जायचं होतं, तुला माहीत होतं, असं ती म्हणाली.

"मग जाऊ दे की. गरम पाण्यानं धुऊन टाक. लोकांना काय कळतंय?" त्यानं एक फोड तोंडात टाकली. "आणि तोंड कशाला वाकडं करतेस? कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच."

स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की रस हनुवटीवरून ओघळला. कफाची आली नव्हती एवढी किळस तिला त्या हनुवटीची आली.

शेवटी तिनंच नाकातोंडाला ओढणी बांधली आणि वाडगा बेसिनमध्ये उपडा केला. आतलं सहजासहजी सुटेना, बोटांबरोबर तार धरून वर येई. तिनं श्वास रोखून घासलं, उकळतं पाणी ओतलं, पुन्हा घासलं. वाडगा पहिल्यासारखा लखलखीत झाला. तिनं नाकाशी नेऊन हुंगला, तर नुसता साबणाचा वास. उद्या कुणीतरी तो हातात घेईल, कौतुक करील, घरी नेऊन त्यात फळं ठेवील. हे सगळं दिसत असूनही ती तो देणार होती. तिला स्वतःचीही शिसारी आली.

बेल वाजली. नवरा दार उघडायला गेला. ती वाडगा पुसत खोक्याकडे निघाली, तेवढ्यात आतून सासऱ्यांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. ती दारात पोचली तेव्हा त्यांचा हात स्टुलावर चाचपडत होता, आणि तिथे परत ठेवलेला प्लॅस्टिकचा मग खाली पडून घरंगळत गेला होता. ती तो उचलायला वाकली, तर त्यांनी मान हलवली.

"तो नको. निसटतो हातातून," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वाडगा दे. त्यात अंगठा बसतो."

उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस. त्यानं कधी कशाला बरं म्हटलं नव्हतं, तिच्या चिखलाला तर नाहीच. तिनं वाडगा पुढे केला. कापरे हात आले, अंगठा बरोबर त्या खळग्यात जाऊन बसला, आणि हात स्थिर झाले. ते थुंकले. एक शिंतोडा तिच्या मनगटावर उडाला. तिच्या अंगावर शहारा आला, पण ती त्या अंगठ्याकडेच बघत राहिली.

"आणतेय ती, शेवटचा हात फिरवतेय," बाहेर नवरा सांगत होता. "फार जपते हो आपल्या भांड्यांना."

सासऱ्यांचं तोंड पुसून तिनं वाडगा उचलला आणि ती तशीच बाहेर आली. बाईनं वर्तमानपत्र पसरून दोन्ही हात पुढे केले होते.

"हा नाही देता येणार," ती म्हणाली. "वापरात आहे."

आणि तिनं वाडगा नवऱ्याकडे दिला. त्यानं हसत हसत तो दोन्ही हातांनी धरला. वाडगा अजून कोमट होता.