जमनीच्या कळा

आरोग्यावर प्रश्न विचारायचा, तर सदस्याने रुग्णाचे दुखणे अंगावर घेऊनच उभे राहायचे, असा सभागृहाचा नियम होता. म्हणून रेवताबाई वळवींच्या मनगटावर पट्टा होता. त्या पट्ट्यातून काकरपाड्याच्या जमनीच्या बाळंतकळा त्यांच्या पोटात येत होत्या आणि तिची नाडी त्यांच्या नाडीशेजारी उडत होती. जमनीला झोळीत घालून चार माणसे डोंगर उतरत होती.

"गाडी पाठवणार की नाही, एवढंच सांगा," बाक घट्ट धरून रेवताबाई म्हणाल्या.

"माहिती घेण्यात येत आहे," मंत्री म्हणाले.

"माहिती माझ्या पोटात आहे, भाऊ. थोडी तुम्हीही घ्या की."

सभागृह हसले. पुन्हा कळ आली, भरल्या जात्यासारखी जड, फिरत फिरत. रेवताबाईंनी पदर दातांत धरला. मग एकाएकी सगळे निवले. कळ गेली, आणि तिच्यामागोमाग दुसरी नाडीही गेली.

अध्यक्ष मायेने म्हणाले, "बरं वाटतंय ना, ताई? दुखणं थांबलं की नियमाप्रमाणे प्रश्न निकाली. पुढचा प्रश्न घेऊ."

मंत्र्यांनी कागद मिटला. रेवताबाई बसल्या नाहीत. मनगटावर बोटे दाबून त्या उभ्याच राहिल्या.