शिंप्याच्या चुका

"उजव्या हातानं," म्हणत बायकोनं त्याच्या डाव्या हातातला कप अलगद काढला आणि उजव्यात दिला. "आणि तुम्ही साखर घेत नाही."

"चुकलंच," शिंपी म्हणाला आणि बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता पिऊन टाकला.

अपघातानंतर तो शुद्धीवर आला तेव्हा त्याला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. मग ही बाई खाटेपाशी आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून रडली आणि त्याला घरी घेऊन आली. त्याला ती आठवली नाही. पण कुणीतरी आपल्यासाठी एवढं रडतंय, हेच त्याला पुरेसं वाटलं.

घरी आल्यावर चुकांचा नुसता सपाटा लागला. बाथरूम समजून तो कपाटात शिरला. सिलिंडरवाल्याला थोरला भाऊ समजून त्यानं मिठी मारली. त्या बिचाऱ्यानंही गोंधळून, "बरा आहेस ना रे?" म्हणत त्याची पाठ थोपटली. बायको हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, तुम्हाला भाऊच नाही."

पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. तिथं तर त्यानं कहर केला. पहिल्याच पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

"जलपरीची ऑर्डर आहे का?" तिनं विचारलं.

तोही हसला, पण हसता हसता स्वतःचे हात उलटेपालटे करून बघू लागला. डोकं विसरलं, ठीक आहे. हात कसे विसरले? कात्री अंगठ्याला काचत होती. बुटांत पाय मावत नव्हते.

"पडून राहून सूज आलीय," ती म्हणाली.

"आपला एखादा फोटो असेल ना?"

"घर बदलताना फोटोंची पेटी गहाळ झाली. सांगितलं होतं की." आवाज तसाच गोड होता. पँट उसवणारा तिचा हात मात्र थांबला होता.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. हे घरही हातचं गेलं तर जायचं कुठं? तो निमूट शिकत राहिला. चुकला, उसवलं, पुन्हा शिवलं. हळूहळू कॉलर नीट बसू लागली. कप आपोआप उजव्या हातात येऊ लागला. एका दुपारी त्यानं गिऱ्हाइकाला स्वतःच्या लग्नातली फजिती रंगवून सांगितली. ती आपल्याला आठवली की बायकोनं शिकवली, हे त्याचं त्यालाच कळेना.

मग मेहुणी आली. परीक्षाच होती ती. बायको श्वास रोखून दारात उभी राहिली.

"काय गं चिमणे, जिना चढून आलीस, की जिनाच उचलून आणलास?" त्यानं बायकोनं शिकवलेली नेहमीची थट्टा केली.

दोघी बहिणी खळखळून हसल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा जीव भांड्यात पडला. आपण आपल्या घरी आलो, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

बहिणी स्वयंपाकघरात गेल्या. तो मशीनवर बसून सुईत दोरा ओवू लागला. आतून मेहुणीचा कौतुकाचा आवाज आला.

"हा पटकन शिकला गं ताई. मागचा तर शेवटपर्यंत 'मी तो नाही, मी तो नाही' एवढंच म्हणत होता."